कुठल्या घरचं तेल

धाकटा दारात येऊन उभा राहिला तेव्हा थोरली लॉजच्या चादरींना इस्त्री करत होती. तिच्या मनात पहिला विचार आला तो तापलेली इस्त्री त्याच्या गालावर टेकवण्याचा. दुसरा आला की एवढ्या स्वस्तात याला सोडायचं नाही. मग ती इस्त्री उभी करून म्हणाली, "या भाऊजी, बसा. सावकाश बसा."

बसायला जागा होती कुठे? खोलीत एक पलंग, एक टेबल आणि छातीपर्यंत आलेले चादरींचे गठ्ठे. धाकट्याने रुमाल काढून आधी पलंगाची कड पुसली, मग कपाळ पुसलं आणि टेकला. सहा वर्षांत तो चांगला सुटला होता. लुबाडलेलं अंगी लागत नाही असं म्हणणाऱ्यांनी याचं पोट येऊन बघावं, असं थोरलीला वाटलं.

"दादा नाही?"

"फिरायला गेलेत."

हे दोघे सख्खे भाऊ. ओळखीचे सगळे त्यांना थोरला आणि धाकटा म्हणत, आणि थोरल्याची बायको म्हणून हिलाही लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून थोरली हे नाव चिकटलं ते चिकटलंच. थोरल्याचा धंदा जुन्या तेलाचा. खानावळी, बेकऱ्या, कँटीन यांच्या मागच्या दाराने जायचं, तळून तळून काळं झालेलं तेल पिंपात भरून आणायचं, पत्र्याच्या शेडमध्ये ते गाळायचं आणि त्यापासून गाड्यांसाठी इंधन बनवायचं. बायोडिझेल हा शब्द लोकांच्या तोंडी बसायच्या आधीपासून तो हे करत होता. लोक त्याच्या कपड्यांच्या वासाला नाक मुरडत, आणि तो तर नाकावरच पोट भरत होता. त्यांच्या धंद्यात प्रत्येक स्वयंपाकघराला नुसतं 'घर' म्हणत. पिंपाचं झाकण उघडलं की थोरला वाकून एक श्वास घ्यायचा आणि सांगायचा, "हे स्टेशनसमोरचं घर. आचारी बदललेला दिसतोय, बटाटे ओलेच टाकतो." चौकशी केली की आचारी खरंच बदललेला असायचा. "नाकाला खोटं बोलता येत नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्याच्या तोंडालाही येत नव्हतं, पण ते तो कधी मिरवत नसे. थोरली वीस वर्षं त्याच्यासोबत गाळणीवर उभी होती. गाळणीत उरलेला चुरा बघून निम्मी घरं तीही ओळखायची.

मग सरकारचं धोरण आलं. धोरण वाईट नव्हतं, हे थोरली आजही मान्य करते. माणसाच्या ताटातलं तेल गाडीच्या टाकीत जाऊ नये, तेलाच्या लागवडीसाठी जंगलं तुटू नयेत, म्हणून ताज्या तेलाच्या इंधनाला एकपट अनुदान आणि वापरलेल्या तेलाच्या इंधनाला दुप्पट. कागदावर किती शहाणपणाचं! पण ज्या साहेबांनी ते लिहिलं त्यांनी बहुतेक जन्मात कधी कढई घासली नव्हती. वर्षभरात खरकटं तेल ताज्या तेलापेक्षा महाग झालं. नासवली की किंमत वाढते अशी दुसरी वस्तू कुणी दाखवावी! ताजं तेल जुनं म्हणून खपवण्यात केवढा फायदा आहे, हे कळायला धाकट्याला दोन दिवससुद्धा लागले नाहीत.

तेव्हा धाकटा शेडचं ऑफिस सांभाळायचा. टँकरने ताजं तेल आलं, टाकीत मिसळलं गेलं आणि कागदावर ते चाळीस घरांचं वापरलेलं तेल झालं. कागद थोरल्यापुढे आले. "दादा, तू फक्त सही कर, बाकी मी बघतो." थोरल्याने केली. भावाने आणलेले कागद कोण वाचत बसतं? प्रकरण उघडकीला आलं तसे धाकट्याने हात वर केले. तेल आणणं दादाचं काम, मी नुसता लिहिणारा, म्हणाला. चौकशीच्या टेबलापाशी थोरल्याला विचारलं, ही सही तुमची का? तो म्हणाला, माझीच. त्यापुढे एक शब्द नाही. त्याचा परवाना कायमचा गेला, वर्तमानपत्रात फोटोखाली 'तेलचोर' छापून आलं, आणि शेड नव्या पाटीखाली धाकट्याच्या नावाने पुन्हा सुरू झाली. त्या दिवसापासून थोरलीने डूख धरला. सहा वर्षं ती चादरींवर इस्त्री दाबत होती, आणि दर चादरीला तिच्या डोळ्यांपुढे धाकट्याचं तोंड येत होतं.

तेच तोंड आता समोर होतं आणि गोड झालं होतं.

"वहिनी, जरा अडचण आलीय. नवीन तपासनीस बाई आल्यात. फार नाकाने कांदे सोलतात हो. मागची बत्तीस पिंपं नापास केली."

"का बरं?"

"आम्ही तेल तापवून, त्यात हवा सोडून जुनं करत होतो. सगळं व्यवस्थित. तर म्हणे, बत्तीस घरांच्या तेलाची आम्लता दशांशापर्यंत सारखी कशी? सगळे आचारी एकाच आईच्या हाताखाली शिकलेत का, असं विचारलं मला. माझ्या माणसांसमोर." त्याने पुन्हा कपाळ पुसलं. "तीन आठवड्यांनी परत येणार आहेत. एकेक पिंप उघडणार, वास घेणार, गाळून चुरा बघणार. या वेळी चुकलं तर शेडला कुलूप. मला प्रत्येक पिंपाला वेगळा वास पाहिजे वहिनी, वेगळा चुरा पाहिजे. दादा काही येणार नाही, माहितीय मला. पण तुम्ही…"

"म्हणजे मी ताजं तेल घेऊन त्यात तळत बसायचं."

"नुसतं तळायचं! तळलेलं टाकून द्यायचं. आणि हे निभावलं ना, की दादाच्या परवान्याचं मी बघतो. वर माझी ओळख आहे."

ज्याने परवाना गिळला तोच आता तो ओकून देणार होता. थोरलीला हसू आलं, ते तिने चादरीच्या टोकात पुसलं. सहा वर्षं ती ज्याची वाट बघत होती ते स्वतःच्या पायांनी जिना चढून आलं होतं.

"येईन की," ती म्हणाली. "पण मला यादी लागेल. कुठल्या घराचं पिंप आणि त्या घरात काय काय तळतात. मला जुनं माहीत आहे, आता पुष्कळ बदललं असेल. तुमचं तर रोजचं जाणं-येणं."

धाकटा घोटाळला. मागच्या दाराच्या पायरीवर त्याने आयुष्यात पाऊल ठेवलं नव्हतं. घरांकडून तो नुसत्या सही-शिक्क्याच्या पावत्या आणवायचा, तेल आणवायचाच नाही. पण सहा वर्षं याच धंद्याचा मालक म्हणून मिरवलेल्या माणसाने वहिनीपुढे मला माहीत नाही असं कसं म्हणायचं?

"तोंडपाठ आहे," तो म्हणाला आणि त्याने पेन काढलं.

थोरली इस्त्री करता करता बघत राहिली. तो थोडा वेळ छताकडे बघायचा आणि लिहायचा. सरकारी हॉस्पिटल: मासे. "पेशंटला चांगले ना मासे." हॉस्पिटलात नवीन डॉक्टरीणबाई आल्यापासून, चार वर्षं झाली, तळणच बंद होतं. सगळं उकडलेलं. नदीकाठची मासळीवाली खानावळ: गोड पिठाची कडी. चौकातली बेकरी: बटाटे, कांदा. चौकातली बेकरी दोन वर्षांपूर्वी बंद पडली होती आणि तिथे आता चपलांचं दुकान होतं. पावतीवरचा शिक्का कुणी मारला होता, देव जाणे.

हे सगळं थोरलीला घरबसल्या माहीत होतं, कारण थोरल्याचा परवाना गेला तरी पाय शाबूत होते. रोज सकाळी चहा घेऊन तो निघायचा आणि जुनी घरं फिरून यायचा. मागच्या दाराशी उभा राहायचा, आचाऱ्यांशी चार शब्द बोलायचा, रिकाम्या हातांनी परत यायचा. घरी आल्यावर कुणाकडे काय शिजतंय ते सांगत बसायचा. 'फिरायला' म्हणजे हे.

धाकट्याचं पेन चाललं होतं. एकदा, फक्त एकदा तो म्हणाला असता, वहिनी, मला ठाऊक नाही, दादाला विचारून सांगा, तर कदाचित तिचा हात आखडला असता. कदाचित. तिने सोळाव्या ओळीपर्यंत वाट पाहिली. मग वाट बघणं सोडून दिलं.

"झालं," तो म्हणाला.

"खाली सही करा."

"सही कशाला?"

"उद्या तुमची माणसं म्हणतील वहिनीने मनाचं केलं. मला कशाला बोल? भाऊजी, तुम्ही फक्त सही करा, बाकी मी बघते."

स्वतःचंच वाक्य त्याला ओळखू आलं नाही. त्याने झोकदार सही केली, तारीखही घातली.

शेडच्या मागच्या बाजूला चार मोठ्या कढया मांडल्या होत्या. थोरलीने वीस दिवस तिथे मन लावून तळलं. खोटं काम इतकं प्रामाणिकपणे तिने कधी केलं नव्हतं. यादीत मासे असतील तर मासे, कांदा असेल तर कांदा, ओळीप्रमाणे, अक्षराला अक्षर. कुठे तेल तीन तास तापवलं, कुठे आठ. कुठे पीठ जळू दिलं, कुठे पाणी शिंपडलं. प्रत्येक पिंपाला आपापला वास आला, आपापला रंग आला. धाकटा रोज येऊन झाकणं उघडायचा, डोळे मिटून हुंगायचा आणि म्हणायचा, "वा वहिनी! हॉस्पिटल म्हणजे हॉस्पिटल!" थोरली पदराने घाम पुसायची आणि मनात म्हणायची, हुंग बाबा, पोटभर हुंग.

घरी तिने सांगितलं होतं की एका नव्या कँटीनमध्ये तळणीचं काम धरलंय. थोरल्याने तिच्या साडीचा वास घेतला. "मासे आणि गोड पीठ एकाच दिवशी? कसलं कँटीन आहे गं हे?" विचारलं, तेवढंच. ती म्हणाली, मालक वेडा आहे. ते काही खोटं नव्हतं.

तपासणीच्या दिवशी सकाळी अंगणात बत्तीस पिंपं ओळीने उभी होती. धाकट्याने नवा शर्ट घातला होता. थोरलीला त्याने मुद्दाम थांबवून घेतलं होतं, ऐन वेळी काही लागलं तर. फाइलमध्ये पावत्यांच्या वर तिने ती यादी नीट टाचून ठेवली होती, सहीसकट. घरांची माहिती लावलीय का, असं धाकट्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली, सगळ्यात वर.

तपासनीस बाईंची गाडी आली. बाई उतरल्या, आणि त्यांच्या मागून थोरला उतरला.

हे थोरलीच्या हिशेबात नव्हतं. तिच्या हातात गाळणीचं फडकं होतं, ते खाली पडलं. धाकट्याचा चेहरा पांढरा झाला. तो बघून मात्र तिला इतकं बरं वाटलं की भीती क्षणभर मागे सरली.

"मी चार दिवस पावत्यांवरचे पत्ते फिरत होते," बाई चष्मा पुसत म्हणाल्या. "जाईन तिथे आचारी एकच सांगायचे, तेल कुठल्या घरचं ते काकांना विचारा, ते अजून येतात. म्हणून यांना घेऊन आले. तुमचे भाऊच ना हे?"

"हो," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज कुठून तरी खोल आतून आला.

पहिलं पिंप उघडलं. बाईंनी यादी हातात धरली. थोरला वाकला आणि त्याने एक श्वास घेतला. मग तो जरा जास्तच वेळ वाकून राहिला. सरळ झाल्यावर त्याने अंगणभर नजर फिरवली आणि ती थोरलीवर येऊन थांबली. मग त्याने ती काढून घेतली.

"यादीत काय आहे?" त्याने विचारलं.

"सरकारी हॉस्पिटल. मासे."

"हॉस्पिटलात चार वर्षांत कढई चढलेली नाही. हे त्या घरचं नाही."

दुसरं. "मासळीवाल्याकडे गोड कधीच तळत नाहीत. त्या घरचं नाही."

सातवं. "ही बेकरी? अहो, तिथे चपला मिळतात."

बाईंचा सहायक खुदकन हसला. धाकटा एकदा थोरल्याकडे, एकदा बाईंकडे बघत होता. थोरला मात्र एकेका पिंपापाशी जात होता, वाकत होता, सरळ होत होता. ज्या अंगणातून त्याला तेलचोर म्हणून बाहेर काढलं होतं त्याच अंगणात त्याचा शब्द आता एक सरकारी बाई लिहून घेत होती. थोरलीच्या डोळ्यांतून पाणी आलं. होऊ दे, तिला वाटलं, बत्तीसही होऊ देत, एकही सोडू नका.

बाईंनी यादीच्या तळाशी बोट ठेवलं. "ही सही तुमची?"

धाकट्याला तो प्रश्न ओळखू आला.

मग सहायकाने गाळण्या आणल्या. बत्तीस गाळण्यांतला चुरा बत्तीस पांढऱ्या ताटल्यांत ओतला. बाई ओळीने बघत गेल्या, थांबल्या, मागे आल्या. चिमट्याने त्यांनी पहिल्या ताटलीतून काहीतरी उचललं. मग दुसरीतून. मग तिसरीतून.

"हे काय आहे? प्रत्येक ताटलीत एक आहे."

तो कांद्याचा बुडखा होता. कांदा चिरताना मुळाकडचा जो तुकडा आपण टाकून देतो, तो थोरली कधी टाकत नसे. तेल तापलं की नाही ते बघायला ती आधी तो कढईत सोडायची आणि काळा होईस्तोवर तसाच राहू द्यायची. लग्न होऊन आल्यापासूनची सवय. बत्तीस घरांचे बत्तीस वास तिने बनवले होते, आणि प्रत्येकात नकळत स्वतःचा हात सोडून आली होती. पहिल्या पिंपावर थोरला का वाकून राहिला होता ते तिला आता कळलं.

"घरं बत्तीस, पण हात एकच," बाई म्हणाल्या. "कुणाचा हात हा?"

"हिचा!" धाकटा ओरडला. त्याने थोरलीकडे बोट केलं. "वहिनीचा! सगळं हिनेच तळलंय, मी नाही! मी सांगितलं ते हिने मुद्दाम…"

"म्हणजे तळून घेतलंय," बाई शांतपणे म्हणाल्या. सहायकाने लिहिलं. धाकट्याचं तोंड उघडंच राहिलं. आपण काय बोलून बसलो हे त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत गेलं, आणि थोरलीने ते सावकाश, डोळे भरून बघितलं. सहा वर्षांचं सगळं त्या एका क्षणात वसूल झालं.

पण बाईंचं काम संपलं नव्हतं. खोटं तेल बनवणाऱ्याचंही नाव लिहावं लागतं. त्यांनी ताटली थोरल्यापुढे धरली. "हे म्हणतात ते खरं का? तुम्ही इतकी घरं ओळखलीत. हे कुठल्या घरचं?"

थोरल्याने ताटली हातात घेतली, नाकाशी नेली. तीस वर्षं रोज संध्याकाळी ज्या वासाने तो जेवायला उठत होता तो वास त्याच्या नाकाशी होता. थोरलीला वाटलं, आता सांगणार. या माणसाला दुसरं काही येतच नाही.

"नाही ओळखता येत," तो म्हणाला. "नाक म्हातारं झालं बाई माझं."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, थोरलीकडे पाहिलं आणि वही मिटली.

शेडला कुलूप लागलं. धाकट्यावर खटला उभा राहिला, त्याच्या त्या यादीचा फोटो वर्तमानपत्रात छापून आला, आणि कॉलेजातली पोरं त्याला हॉस्पिटलचे मासे म्हणायला लागली. थोरलीने तो फोटो कापून टेबलाच्या काचेखाली ठेवला. तिला काडीचाही पश्चात्ताप झाला नाही. थोरला मात्र त्या दिवसापासून घरी आल्यावर कुणाकडे काय शिजतंय ते सांगेनासा झाला.

दोन महिन्यांनी तपासनीस बाईंच्या खात्याचं पाकीट आलं. जुनी फाइल पुन्हा उघडली होती. ताजं तेल मागवल्याच्या सगळ्या चिठ्ठ्या धाकट्याच्या हातच्या निघाल्या होत्या. थोरल्यावरची बंदी उठली होती. सोबत परवान्याचा अर्ज होता, एका पानाचा, खाली सहीची जागा. थोरलीने इस्त्री बंद केली, टेबल पुसलं, अर्ज त्यावर ठेवला आणि त्याच्या हातात पेन दिलं. तिला नाचावंसं वाटत होतं.

थोरल्याने आधी चष्मा लावला. सही करायच्या आधी कागद वाचायचा, हे तो एकदाच पण कायमचं शिकला होता. सहीच्या वर एक ओळ होती, ती त्याने मोठ्याने वाचली: "मी खात्यापुढे जाणूनबुजून कधीही खोटं विधान केलेलं नाही."

त्याने पेन खाली ठेवलं.

"काय झालं?"

"तीन महिन्यांपूर्वी हा कागद आला असता तर डोळे मिटून केली असती सही," तो म्हणाला. "त्या सहा वर्षांतल्या कुठल्याही दिवशी केली असती. आता नाही येत करता."

"अहो, एवढीशी ओळ! सगळेच करतात. कोण वाचतं ते?" तिचा आवाज चढला. एवढं सगळं ज्याच्यासाठी केलं तो परवाना हातभर अंतरावर पडला होता. "कशाला डोक्याला ताप? तुम्ही फक्त सही करा, बाकी मी ब—"

ती थांबली. थोरल्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता, आणि असता तर तिला सोसवला असता.

त्याने पेनाला टोपण लावलं, चष्मा काढून खिशात ठेवला, चपला घातल्या आणि रिकाम्या हातांनी तो घरं फिरायला निघून गेला.